डार्विनच्या तोंडी घातलेली कबुली

‘विज्ञानानेच देव सिद्ध केला’ अशा अर्थाचा एक लांबलचक संदेश गेली अनेक वर्षे या ना त्या रूपात फिरतो आहे. त्यातील दावे थोडक्यात असे: डार्विनने मृत्युशय्येवर उत्क्रांतीचा सिद्धान्त मागे घेतला, डोळा उत्क्रांतीतून घडणे अशक्य आहे, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले होते, उष्मागतिकीचा दुसरा नियम आणि पाश्चरचे प्रयोग उत्क्रांतीला खोटे ठरवतात, विद्यार्थी आइन्स्टाइनने नास्तिक प्राध्यापकाला निरुत्तर केले, योगायोगाने एक प्रथिनसुद्धा तयार होऊ शकत नाही, आणि शेवटी, उत्क्रांती मानणाऱ्याला देवही नसतो आणि नीतीही नसते. आजवर मी त्याकडे दुर्लक्ष करत आलो. परंतु जीवशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीला तो घरातल्याच वडीलधाऱ्यांनी पाठवला, आणि पाठ्यपुस्तक किंवा श्रद्धा यांपैकी एक सोडावेच लागेल, अशा समजुतीने ती पार गोंधळून गेली. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मृत्युशय्येची गोष्ट आधी संपवतो. डार्विन १९ एप्रिल १८८२ रोजी वारला. लेडी होप नावाच्या एका धर्मप्रचारक बाईंच्या नावाने ही कथा अमेरिकेतील एका धार्मिक साप्ताहिकात छापून आली ती १९१५ साली, म्हणजे तब्बल ३३ वर्षांनी. डार्विनची मुलगी हेन्रिएटा हिने १९२२ मध्ये जाहीरपणे लिहिले की, वडिलांच्या अखेरच्या वेळी आपण स्वतः त्यांच्याजवळ होतो, त्या आजारपणात किंवा अन्य कोणत्याही आजारपणात लेडी होप तेथे नव्हत्या, आणि वडिलांनी आपले कोणतेही वैज्ञानिक मत तेव्हा किंवा त्याआधी कधीही मागे घेतले नाही. डार्विनची पत्नी एमा ही श्रद्धाळू होती आणि पतीच्या अश्रद्धेचे तिला आयुष्यभर दुःख होते. असा काही पालट खरोखर झाला असता, तर तो तिने लपवून ठेवण्याचे काहीच कारण नव्हते. शिवाय, क्षणभर धरून चालू की डार्विनने माघार घेतली होती. तरी त्याने काय सिद्ध होते? सिद्धान्त पुराव्यावर उभा असतो, तो मांडणाऱ्याच्या शेवटच्या शब्दांवर नव्हे.

डोळ्याचा मुद्दा मात्र मला सर्वांत संतापजनक वाटतो, कारण येथे अज्ञान नाही, कापाकापी आहे. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या १८५९ सालच्या ग्रंथाच्या सहाव्या प्रकरणात डार्विन म्हणतो की, इतकी अजोड रचना असलेला डोळा नैसर्गिक निवडीतून घडला असेल, हे मानणे पराकोटीचे विसंगत वाटते, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. संदेशातील उद्धरण येथे संपते. पहिल्या आवृत्तीत याच्या लगेच पुढच्या वाक्यात तो सांगतो की, अगदी साध्या डोळ्यापासून परिपूर्ण डोळ्यापर्यंतच्या पायऱ्या दाखवता आल्या, त्यांतील प्रत्येक पायरी त्या त्या प्राण्याला उपयोगी असली आणि डोळ्यात होणारे बारीक बदल पुढच्या पिढीत उतरत असले, तर ही अडचण, आपल्या कल्पनाशक्तीला ती ओलांडता येत नसली तरी, खरी मानता येणार नाही. आपल्याकडच्या शास्त्रार्थाच्या परंपरेत आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल इतक्या ताकदीने, आणि मग त्याचे खंडन करून सिद्धान्तपक्ष मांडायचा, अशी शिस्त होती. ईश्वराच्या अस्तित्वाच्या बाजूने युक्तिवाद करणाऱ्या उदयनाचार्यांनीही तीच पाळली. डार्विनने नेमके तेच केले आहे. त्याचा पूर्वपक्ष उचलून तोच त्याचा सिद्धान्त म्हणून खपवणे ही शुद्ध लबाडी आहे.

ज्या पायऱ्यांची अट डार्विनने घातली होती, त्या आज जिवंत प्राण्यांमध्ये पाहता येतात. प्लॅनेरिया या चपट्या कृमीचा डोळा म्हणजे प्रकाशसंवेदी पेशींची एक लहानशी वाटी असते. तीत चित्र उमटत नाही, पण उजेड कोणत्या बाजूने येतो ते कळते, आणि सावलीत पळण्यासाठी तेवढे पुरते. नॉटिलस या समुद्री प्राण्यात ही वाटी खोल होऊन तिचे तोंड इतके अरुंद झाले आहे की भिंगाशिवायच अंधूक प्रतिमा पडते. त्या छिद्रातून समुद्राचे पाणी थेट आत जाते. नॉटिलसच्याच दूरच्या नात्यातील ऑक्टोपसला मात्र भिंग असलेला पूर्ण डोळा आहे. ‘अर्धा डोळा काय कामाचा?’ असे विचारणाऱ्यांना हे प्राणी उत्तर देत आले आहेत. १९९४ मध्ये निल्सन आणि पेल्गर या संशोधकांनी मुद्दाम प्रतिकूल गृहीतके धरून हिशेब मांडला, तेव्हाही प्रकाशसंवेदी सपाट त्वचेपासून माशासारखा डोळा घडायला ४ लाखांपेक्षा कमी पिढ्या पुरतात, असे दिसले. ते गणिती प्रतिमान आहे, प्रत्यक्ष इतिहास नव्हे. पण ‘वेळच पुरणार नाही’ हा आक्षेप त्यापुढे टिकत नाही.

शिवाय ज्या डोळ्याला निर्दोष रचना म्हणून पुढे केले जाते, त्याचा दोष कोणालाही तपासता येतो. कागदावर सात-आठ सेंटीमीटर अंतरावर दोन ठिपके काढावेत, डावा डोळा मिटावा, उजव्या डोळ्याने डाव्या ठिपक्याकडे एकटक पाहत कागद हळूहळू जवळ आणावा. तो डोळ्यापासून साधारण ३० सेंटीमीटरच्या आत-बाहेर येतो, तेव्हा उजवा ठिपका नाहीसा होतो. आपल्या दृष्टिपटलावरचे चेतातंतू प्रकाशसंवेदी पेशींच्या पुढच्या बाजूने जातात आणि एका ठिकाणी पटल भेदून बाहेर पडतात. तेथे आपल्याला काहीच दिसत नाही. ऑक्टोपसचे तंतू मागूनच निघतात, त्यामुळे त्याला हा अंधबिंदू नाही. वंशपरंपरेने हाती आलेल्या रचनेत थोडे थोडे बदल होत गेले, असे मानले की हा फरक समजतो.

उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बाहेरच्या जगाशी ऊर्जेची किंवा पदार्थांची कोणतीही देवाणघेवाण नसलेल्या व्यवस्थेत एकूण अव्यवस्था घटत नाही, असे तो सांगतो. पृथ्वीला सूर्याकडून अखंड ऊर्जा मिळते. साध्यापासून गुंतागुंतीचे काही घडूच शकत नाही, असा त्या नियमाचा अर्थ लावला, तर बीजातून झाड होणेही अशक्य ठरेल. आइन्स्टाइन आणि प्राध्यापकाचा संवाद निव्वळ बनावट आहे. १९५४ च्या जानेवारीत एरिक गुटकिंड या तत्त्वज्ञांना लिहिलेल्या पत्रात आइन्स्टाइनने ‘देव’ हा शब्द आपल्या लेखी मानवी दुर्बलतेची अभिव्यक्ती आहे, असे लिहिले. विश्वाच्या सुसंवादात प्रकटणारा, स्पिनोझा या तत्त्वज्ञाचा देव आपण मानतो, असे त्याने १९२९ मध्ये म्हटले होते. दोन्ही विधाने संदेशाच्या सोयीची नाहीत.

जीवाच्या उगमाच्या मुद्द्यात मात्र अर्धसत्य आहे, आणि नाइलाजाने का होईना, ते मान्य केले पाहिजे. निर्जीव रसायनांपासून पहिली पेशी नेमकी कशी घडली, हे आज कोणालाही सांगता येत नाही. १९५३ च्या मिलर-युरी प्रयोगात साध्या वायूंपासून अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळाली, आणि १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीतही ती सापडली. पण अमिनो आम्ले म्हणजे जीव नव्हे. तरीही ‘योगायोगाने प्रथिन जुळण्याची शक्यता’ म्हणून दिलेला अवाढव्य आकडा निरर्थक आहे, कारण तो सगळे घटक एकाच झटक्यात अंदाधुंद जुळले, असे गृहीत धरतो. रासायनिक अभिक्रिया अशा चालत नाहीत, आणि जीवाची सुरुवात आजच्यासारख्या पूर्ण प्रथिनापासून झाली, असे कोणी म्हणतही नाही. पाश्चरने उकळलेल्या रश्श्यात सूक्ष्मजीव आपोआप उपजत नाहीत, हे दाखवले. आदिम पृथ्वीवर कोट्यवधी वर्षांत काय घडू शकते, हा त्याच्या प्रयोगाचा विषयच नव्हता. आणि जे आज ठाऊक नाही, तेथे देवाला बसवणाऱ्यांनी उद्या ते ठाऊक झाल्यावर त्याला कोठे हलवायचे, याचा विचार करावा. बेल्जियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ लमेत्र यांनीच विश्वाच्या स्फोटक आरंभाची कल्पना मांडली, पण तिला धर्माचा पुरावा म्हणून वापरण्यास त्यांचाच विरोध होता.

संदेशातील शेवटचा दावा, उत्क्रांती आणि देव यांतले एकच निवडावे लागते हा, माझ्या भाचीला खरोखर लागला आणि तोच सर्वांत घातक आहे. स्वतः डार्विनने १८७९ मध्ये जॉन फोर्डाइस यांना लिहिले होते की, एखादा माणूस निस्सीम ईश्वरनिष्ठ आणि उत्क्रांतिवादी असू शकतो, याबद्दल शंका घेणे मला विसंगत वाटते. स्वतःविषयी मात्र त्याने ‘अज्ञेयवादी’ (देव आहे की नाही हे कळू शकत नाही, असे मानणारा) हे वर्णन अधिक योग्य ठरेल, असे म्हटले. उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रात कशाचाच अर्थ लागत नाही, असे १९७३ मध्ये लिहिणारा जीवशास्त्रज्ञ थिओडोसियस डॉब्झान्स्की श्रद्धावान ख्रिस्ती होता. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल तर मठाधिपती होता. भाचीने देव मानावा की मानू नये, हे तिचे तिने ठरवावे, आणि ठरवायला हवा तितका वेळ घ्यावा. पण त्यासाठी तिने जीवशास्त्राचे पुस्तक मिटण्याची काडीमात्र गरज नाही, हे मी तिला सांगितले आहे, आणि तो संदेश पाठवणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही हेच सांगणार आहे.