एकही 'तसला' सीन नाही, म्हणून मुलांना न्यायचं?

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकीने विचारलं, "तो पुराचा सिनेमा सात वर्षांच्या मुलीला दाखवला तर चालेल का?" उत्तरांचा पाऊस. "बिनधास्त जा, एकही तसला सीन नाही." "शिव्या नाहीत, एकदम क्लीन." "ग्राफिक्स एक नंबर!"

म्हणजे अख्खं शहर बुडतं, माणसं किड्यामुंग्यांसारखी मरतात, आणि सिनेमा क्लीन! तेच नायक-नायिका जरा जवळ आले असते तर हीच मंडळी पोरांच्या डोळ्यांवर हात ठेवायला धावली असती.

माझा भाचा असाच एक सिनेमा बघून रात्री माझ्याकडे राहायला आला होता. लाटा, कोसळणारे पूल, कशाचंही त्याला काही नव्हतं. जेवताना मध्येच म्हणाला, "मावशी, ते गच्चीवरचे आजोबा कुठे गेले?" कोण आजोबा? ताईला फोन केला, तर तिलाही आठवेना. मग मी मुद्दाम तो सिनेमा पाहिला. हेलिकॉप्टर नायकाच्या बायकोपोरांना उचलतं तेव्हा बाजूच्या गच्चीवर एक म्हातारा हात हलवत उभा असतो. अर्धं मिनिटसुद्धा नाही. नायकाचं कुटुंब सुटतं, संगीत चढतं, आणि म्हाताऱ्याचं पुढे काय झालं ते कुणी सांगतच नाही. पोराने पुढे कित्येक दिवस विचारलं.

सर्टिफिकेट बघा म्हणाल, तर बघावंच. २०२४ पासून सेन्सॉर बोर्ड यूए मध्ये ७+, १३+, १६+ असं वेगवेगळं लिहितं, चांगलंच आहे. पण तो पालकांना दिलेला सल्ला आहे. दारावर मुलांना अडवतात ते फक्त 'ए' सिनेमाला. बाकी सगळं आपल्यावर सोडलंय, आणि आपण काय करतो, तर ग्रुपवर विचारतो! शिवाय त्या आकड्याला गच्चीवरचे आजोबा थोडेच माहीत असतात?

आणि मुलांना संकटाच्या गोष्टी सांगूच नयेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. आपण पुण्यातली माणसं, पानशेत ऐकत वाढलो. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा माझी आई चौदा वर्षांची होती, नारायण पेठेत वाड्यात राहायची. ती नातवंडांना सगळं सांगते. लकडी पूल पाण्याखाली कसा गेला, पर्वतीवर कोण कोण चढलं, कुणाचं शिवणयंत्र चिखलात सापडलं. पलीकडच्या खोलीतल्या काकू परत आल्या नाहीत, हेही सांगते. लपवत नाही. पोरं गप्प होतात, विचारतात, "मग त्यांच्या मुलांचं काय झालं?" आणि आईकडे उत्तर असतं. कोण कुणाकडे राहिलं, कोण पुढे काय शिकलं, सगळ्यांचा हिशेब. हाच भाचा "आजी, पानशेत सांग" म्हणून मागे लागतो आणि नंतर ढाराढूर झोपतो.

सिनेमातल्या आजोबांचा हिशेब कोण देणार? मी थाप मारू शकले असते, 'दुसरं हेलिकॉप्टर आलं असेल.' नाही मारली. म्हटलं, सिनेमावाल्यांनी दाखवलं नाही रे, बहुतेक ते बुडाले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग त्यांनी सांगायला पाहिजे होतं." सात वर्षांच्या पोराला कळतं ते कोट्यवधी रुपये खर्चणाऱ्यांना कळू नये?

काही मुलांना खरंच काही होत नाही, मान्य. भूकंपात टेबलाखाली शिरायचं हेही असल्याच सिनेमातून कळतं, तेही मान्य. पण तुमचं मूल यातल्या कुठल्या प्रकारचं आहे, हे तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला कसं कळणार?

तुम्ही आधी एकट्याने बघून या ना. निदान ज्याने पाहिलाय त्याला विचारा, की त्यात मरणाऱ्या माणसांची सिनेमाला काही पडलेली आहे का. आणि घेऊन गेलातच, तर मूल "चल" म्हणालं की उठायचं. "अरे आता तर खरी मजा आहे" म्हणून खांदा दाबून बसवायचं नाही. पॉपकॉर्नचे पैसे गेले तर जाऊ देत, इंटरव्हलला दुप्पट भावात ते घ्यायला कुणी सांगितलं होतं!