"तीन कप्पे आहेत, बुडतच नाही": फुगवायच्या कयाकबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की व्हॉट्सॲपच्या गटांतून एक मजकूर फिरू लागतो. आशय असा: थोडक्या पैशांत दोघांची फुगवायची कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद लांबट होडी, मिळते. तीन वेगळे कप्पे असल्यामुळे ती बुडत नाही, म्हणून लाइफ जॅकेटची गरज नाही. 180 किलो वजन घेते. दगडासारखी टणक होईस्तोवर हवा भरा आणि जवळच्या धरणात उतरा, तिथलं पाणी शांतच असतं. पंक्चर झाली तर सायकलवाला पाच मिनिटांत ठिगळ लावून देतो.

स्वस्त कयाक वाईट नाही. काठाला धरून, वारा नसताना, दोन-तीन तास वल्हवायला ती छान आहे. पण या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं किंवा अर्धवट आहे आणि लाइफ जॅकेटबद्दलचं तर जीवघेणं आहे.

"तीन कप्पे आहेत, बुडत नाही." कप्पे तीन असतात हे खरं: डावी बाजू, उजवी बाजू आणि तळ. एक कप्पा गेला तरी बाकीचे दोन तरंगतात, हेही खरं. पण कयाक तरंगणं वेगळं आणि तुम्ही तिच्यात बसलेले राहणं वेगळं. उजवी बाजू बसली की त्या बाजूचा काठ पाण्याखाली जातो, वजन तिकडे सरकतं आणि दोघंही पाण्यात पडतात. त्यानंतरची गोष्ट या मजकुरात येत नाही. रिकामी कयाक म्हणजे पंधरा किलोच्या आतबाहेरचा हवेचा पिशवा. अर्धाअधिक भाग पाण्याच्या वर असल्यामुळे वारा तिला पोहणाऱ्याच्या वेगापेक्षा जोरात लांब नेतो. पट्टीचा पोहणाराही अशा वेळी मागे पडतो. म्हणून पडल्यावर पहिलं काम कयाकची दोरी धरणं आणि दुसरं वल्हं धरणं. आणि जॅकेट अंगात हवं, पायाशी किंवा पाठीमागे ठेवलेलं नाही.

जॅकेट घेताना त्यावरचा न्यूटनचा, म्हणजे तरंगवून धरणाऱ्या जोराचा, आकडा बघा. 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आणि काठाजवळच्या पाण्यासाठी असतं. ते आधार देतं, पण शुद्ध हरपलेल्या माणसाला उताणं करेल याची खात्री नसते. पोहता येत नसेल तर 100 न्यूटनचं आणि कॉलर असलेलं घ्या. पट्टे आवळून दुसऱ्याला खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर माप मोठं आहे. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असायलाच हवा. कमरेएवढ्या पाण्यात कयाक मुद्दाम उलटी करून, सुलटी करून परत चढण्याचा सराव पहिल्याच दिवशी करा. मागच्या टोकाकडून पोटावर सरपटत चढणं सोपं जातं.

"180 किलो वजन घेते." इंटेक्सची एक्सप्लोरर के-2 ही भारतात सहज मिळणारी कयाक. लांबी 312 सेंटिमीटर, रुंदी 91 आणि वजनाची मर्यादा 180 किलो. या 180 मध्ये माणसं, पाण्याच्या बाटल्या, पिशवी, पंप आणि आत साचलेलं पाणी असं सगळं आलं. मर्यादेला टेकलात की काठ पाण्याच्या जवळ येतो आणि लहानशी लाटही आत शिरते. छापील आकड्याचा दोन तृतीयांश धरून चाला, म्हणजे इथे 120 किलो. 75 किलोची दोन माणसं त्या हिशोबात बसत नाहीत. एक मोठा माणूस आणि एक मूल बसतं.

"दगडासारखी टणक होईस्तोवर भरा." या वर्गातल्या साध्या पीव्हीसीच्या कयाकना दाब लागतो साधारण 1 पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप). गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर 30 पीएसआयच्या कामासाठी बनवलेला आहे. त्याला ही कयाक भरायला बराच वेळ लागतो आणि शेवटच्या मिनिटात तो शिवण उसवू शकतो. सोबत येणारा हातपंप किंवा जास्त हवा, कमी दाब देणारा गादीचा पंप वापरा आणि कप्पे पुस्तिकेतल्या क्रमानं भरा.

जास्त दाबानं पहिल्यांदा जातो तो तळ. त्याच्या आत लांबीनं उभ्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यामुळे तो सपाट, पन्हळीसारखा दिसतो. एक पट्टी सुटली की तिथे उशीसारखा फुगा येतो. हवा बाहेर जात नाही, भोक सापडत नाही, पण बसायची जागा गोल होते आणि कयाक डगमगू लागते. याला ठिगळ नाही, कारण बिघाड आत असतो.

उन्हाचं गणित तर नीट समजून घ्यावं असं आहे. सकाळी 25 अंशांना 1 पीएसआय भरली, तर बाहेरच्या हवेचा 14.7 धरून आतला एकूण दाब 15.7 झाला. काठावर एप्रिलच्या उन्हात आतली हवा 55 अंशांना गेली, तर पीव्हीसी ताणलं नाही असं धरून पंपाच्या मापावर अडीच पीएसआयच्या वर आकडा जातो. म्हणजे मर्यादेच्या अडीच पट. जेवायला काठावर थांबलात तर कयाक सावलीत ठेवा किंवा प्रत्येक कप्प्याची थोडी हवा सोडा. उलटंही घडतं. 35 अंशांत भरलेली कयाक 25 अंशांच्या पाण्यात ठेवली की दाब निम्म्यावर येतो आणि लोकांना वाटतं पंक्चर झाली. पाण्यात टाकून दहा मिनिटं थांबा, पुन्हा थोडे पंप मारा आणि मगच बसा.

"धरणाचं पाणी शांतच असतं." उजनीच्या जलाशयात 21 मे 2024 रोजी कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. वळवाचा वारा मोकळ्या फुगवट्यावर काही मिनिटांत येतो. स्वस्त कयाकचा वेग निवांत वल्हवताना ताशी तीन-चार किलोमीटर. काठापासून अर्धा किलोमीटर गेलात आणि समोरून वारा उठला, तर जीव खाऊन वल्हवलं तरी तुम्ही जागच्या जागी राहता. म्हणून सकाळी लवकर उतरा, जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा म्हणजे परतताना तो मदत करेल, आणि आभाळ भरून आलं की काठ गाठा. तळाखालचं पातं न विसरता बसवा. ते नसेल तर कयाक प्रत्येक वल्ह्यागणिक तोंड फिरवते.

पाणी ओसरलं की तळातलं सगळं वर येतं. उजनीत पळसदेवाचं देऊळ उघडं पडतं, तशीच बाभळीची खुंटं, तारेची कुंपणं आणि विहिरींचे कठडे पाण्याच्या जेमतेम खाली येतात. पीव्हीसीचा तळ आणि बाभळीचं खुंट यांची गाठ पडली तर काय होणार ते सांगायला नको. मासेमारांना विचारा, त्यांना जागा माहीत असतात. परवानगीची चौकशी जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयात करा. अनेक जलाशयांत उतरायला मनाई आहे. पावसाळ्यात तर उतरूच नका.

खाडीत जाणार असाल तर भरतीची वेळ आधी काढा. कोकणातला जुना हिशोब मुंबईच्या आसपास चांगला चालतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ओहोटीचा ओढ खाडीच्या तोंडाशी इतका जोरदार असतो की फुगवायची कयाक त्याच्याविरुद्ध जात नाही. पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, पाणी तेव्हा आरशासारखं दिसतं आणि तेच फसवतं.

"सायकलवाला ठिगळ लावून देतो." ट्यूबचं सोल्युशन रबराला धरतं, पीव्हीसीला नाही. दोन दिवसांनी ठिगळ कडेपासून सुटतं. आधी साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघा आणि सुरुवात व्हॉल्व्हपासून करा. आतल्या पातळ पडद्यावर वाळूचा एक कण बसला तरी रात्रभरात कप्पा बसतो. भोक सापडलं तर हवा पूर्ण काढा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, कोपरे गोल कापलेलं पीव्हीसीचं ठिगळ भोकाच्या चहूबाजूंनी तीन सेंटिमीटर पुढे येईल एवढं घ्या, पीव्हीसीचंच चिकटद्रव्य लावा आणि वजन ठेवून 24 तास राहू द्या. मग घरातच भरून एक रात्र ठेवा. सकाळी तितकीच टणक असेल तरच ती गाडीत टाका.