जुन्या इंग्लंडमध्ये गुन्हा करायचाय? आधी हे वाचा

मंडळी, उद्या टाइम मशीन निघालंच आणि तुम्हाला जुन्या इंग्लंडात जाऊन चोरीबिरी करायची हुक्की आली तर घाईत निघू नका. तिथला कायदा भलताच कडक. बारा पेन्सच्या वर किमतीचा माल उचलला की थेट फाशी, कागदावर तरी. पण घाबरायचं कारण नाही, कारण याच लोकांनी पळवाटाही अशा काही बांधून ठेवल्यात की बस, फक्त त्या आपल्याला माहीत पाहिजेत आणि आपण योग्य घरात जन्मलेलं पाहिजे.

सगळ्यात आधी पुरुष म्हणून जन्म घ्या आणि एक श्लोक पाठ करा. गंमत नाही, सिरियसली सांगतोय. याचं नाव बेनिफिट ऑफ क्लर्जी. मूळ भानगड अशी की पाद्री लोकांचा न्याय राजाच्या नाही, चर्चच्या कोर्टाने करायचा आणि चर्च काही कोणाला फाशी देत नाही. आता पाद्री ओळखायचा कसा? तर ज्याला वाचता येतं तो पाद्री! चौदाव्या शतकापासून हेच माप चालू झालं, मग तो खाटीक असो नाहीतर शिंपी. कोर्टात तुमच्या हातात बायबल देणार आणि बहुतेक वेळा स्तोत्र ५१ ची पहिली ओळ वाचायला सांगणार, 'हे देवा, माझ्यावर दया कर' वाली. म्हणजे वाचता आलंच पाहिजे असं काही नाही, गाइड पाठ करून दहावी पास झालेल्या माणसाला यात काय अवघड आहे? फक्त पुस्तक उलटं धरू नका, आणि जज खडूस निघाला व त्याने दुसरंच पान उघडलं तर तुमचं नशीब.

आणि हो, विधवेशी लग्न करू नका, निदान १५४७ पर्यंत तरी. विधवेशी किंवा दुसऱ्यांदा लग्न केलेल्याला ही सवलत नव्हती, पाद्री म्हणवतो आणि असली थेरं करतो म्हणून. खून केलेला मात्र बराच काळ चालत होता. त्याच १५४७ च्या कायद्याने हे काढलं, आणि लगे हाथ आणखी एक सोय करून ठेवली की लॉर्ड लोकांना पहिल्या गुन्ह्याला ही सवलत वाचता येत नसलं तरी मिळेल. गरिबाला परीक्षा आणि अंगठेबहाद्दर लॉर्डसाहेबांना थेट ॲडमिशन, त्यामुळे जमलं तर लॉर्डाच्याच घरी जन्मा, पाठांतराचीही कटकट नको.

बाकीच्यांसाठीही ऑफर एकदाच. १४८९ पासून सुटताना अंगठ्यावर तापल्या लोखंडाने डाग द्यायचे, खुन्याला एम आणि चोराला टी, म्हणजे पुढच्या वेळी अंगठा बघूनच कळणार की गडी आधी येऊन गेलाय. नाटककार बेन जॉन्सनने १५९८ मध्ये गॅब्रिएल स्पेन्सर नावाच्या नटाला द्वंद्वात ठार मारलं, गुन्हा कबूल केला, ओळ वाचली, डाग घेतला आणि आला बाहेर. पुढे राजदरबारासाठी खेळ लिहिले.

बायकांनी नाराज होऊ नये. बाई पाद्री होऊ शकत नाही, सबब तिला सवलत नाही. मग १६२३ मध्ये दहा शिलिंगांच्या आतल्या चोरीपुरती दिली आणि पूर्ण बरोबरी व्हायला सतरावं शतक संपत आलं. तोपर्यंत दोन उपाय. एक, पोटात मूल आहे म्हणून सांगा. मग बायकांचीच ज्युरी बसवून तपासणी होणार (एरवी बायकांना ज्युरीच्या आसपास फिरकू देत नव्हते, पण इथे पुरुषांना कळत नाही ना!), आणि खरं निघालं तर बाळंत होईपर्यंत फाशी पुढे. दुसरा उपाय जास्त झकास, चोरी करताना नवऱ्याला शेजारी उभा करा. नवऱ्यादेखत बायकोने गुन्हा केला म्हणजे त्यानेच तिला भाग पाडलं असणार असं कायदा गृहीत धरायचा. खून आणि राजद्रोहाला ही स्कीम लागू नाही. बाकी १९२५ पर्यंत चालू होती बरं का.

एवढं करून पळायची वेळ आलीच तर जवळचं चर्च गाठा. चाळीस दिवस कोणी हात लावणार नाही. त्या मुदतीत कोरोनरपुढे (म्हणजे मृत्यूंची चौकशी करणारा राजाचा अधिकारी) गुन्हा कबूल करायचा, देश सोडायची शपथ घ्यायची आणि हातात लाकडी क्रूस धरून तो सांगेल त्या बंदराकडे चालत सुटायचं, हमरस्ता सोडायचा नाही. जहाज मिळेपर्यंत रोज गुडघाभर समुद्रात जाऊन उभं राहायचं, म्हणजे बघा, मी तर जायला तयारच आहे. १६२४ नंतर मात्र हे दुकान बंद, तारखा बघून निघा.

एक सूचना आपल्या लोकांसाठी. गुन्हा इंग्लंडातच करा, कलकत्त्यात नको. तिथे महाराजा नंदकुमारला १७७५ मध्ये खोट्या दस्तऐवजासाठी फाशी दिली, आणि तीही विलायतेत १७२९ साली झालेल्या कायद्याखाली, ज्यात क्लर्जीची सवलत आधीच छाटून टाकली होती. इथल्या रिवाजात या गुन्ह्याला फाशी नव्हती. आणि कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर लाचखोरीचे आरोप नंदकुमारने नेमके त्याच वर्षी केले होते, योगायोग हो!

आता समजा तुमच्या हातून नाही, तुमच्या गाडीखाली माणूस मेला. मग दोषी गाडी! याला डिओडंड म्हणायचे, ज्या वस्तूने जीव घेतला ती किंवा तिची किंमत राजाकडे जमा. उभ्या गाडीच्या चाकावर चढताना माणूस पडून मेला तर फक्त चाक जप्त, गाडी चालू असेल तर अख्खी गाडी, त्यामुळे माणसं कृपया पार्किंगमध्ये मारावीत. हे शेकडो वर्षं सुखात चाललं, कारण बैलगाडीची किंमत ती काय असणार. मग आली रेल्वे. १८४१ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी सॉनिंगजवळ गाडी घसरली, उघड्या डब्यातले गरीब कामगार मेले आणि ज्युरीने इंजिन नि डब्यांवर हजार पौंडांचा डिओडंड लावला. आता रेल्वे कंपन्यांच्या शेअरहोल्डरांना हा कायदा किती रानटी आहे याचा अचानक साक्षात्कार झाला आणि १८४६ मध्ये तो रद्द झाला. त्याच वर्षी मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई मागायचा कायदा आला, आपल्याकडे १८५५ मध्ये पोचला.

सगळं फसलं तर शेवटचा उपाय आहे, पण त्याला जिम लावावी लागेल. १८१७ मध्ये मेरी ॲशफर्ड नावाची मुलगी एर्डिंग्टनजवळ खड्ड्यातल्या पाण्यात मेलेली सापडली. अब्राहम थॉर्नटन पकडला गेला आणि ज्युरीने सोडला. मेरीच्या भावाने मग एक जुनापुराणा खाजगी दावा उकरून काढला, त्यात सुटलेल्या माणसाला पुन्हा उभं करता यायचं. थॉर्नटनच्या वकिलाने त्याहून जुनं काढलं. भर कोर्टात थॉर्नटनने एक हातमोजा घातला, दुसरा खाली फेकला आणि म्हणाला, मी निर्दोष आहे आणि हे माझ्या देहाने सिद्ध करायला तयार आहे. म्हणजे ये, कुस्ती खेळू! नियम असा की सूर्योदयापासून आकाशात चांदण्या दिसेपर्यंत आरोपी टिकला तर सुटला. न्यायमूर्तींनी काही महिने पोथ्या चाळल्या आणि म्हणाले, कायदा तर आहे बुवा. भाऊ पडला किरकोळ, त्याने माघार घेतली, थॉर्नटन सुटून पुढे अमेरिकेला गेला आणि पार्लमेंटने १८१९ मध्ये घाईघाईने हा प्रकार कायमचा बंद केला.

तेव्हा मशीनमध्ये १८१८ च्या आतली तारीख टाका, प्रतिस्पर्धी हडकुळा निवडा आणि हातमोजे जोडीनेच घ्या.