राखीगढीच्या एका बाईवर किती भार टाकायचा?

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर आणि वाशी-नेरूळच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यांवर एक फॉरवर्ड अधूनमधून डोकं वर काढतो. मजकूर थोडक्यात असा: ‘राखीगढीच्या डीएनएने सिद्ध झालं, बाहेरून कोणीच आलं नाही. 12,000 वर्षं आपला डीएनए एकच आहे. आर1ए गट भारतातूनच जगभर गेला. शंका असेल तर किट मागवा, तुम्ही किती टक्के हडप्पन ते कळेल.’

‘बाहेरून कोणीच आलं नाही’ हे वाक्य एका खऱ्या निष्कर्षावर उभं आहे, म्हणून ते आधी घेऊ. सप्टेंबर 2019 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात हरियाणातल्या राखीगढी या हडप्पन, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शहराबद्दल निबंध आला. तिथल्या दफनभूमीतल्या एका बाईच्या जीनोममध्ये, म्हणजे तिच्या एकूण डीएनएमध्ये, स्टेपच्या, म्हणजे मध्य युरेशियातल्या गवताळ पट्ट्यातल्या पशुपालकांचा अंश सापडला नाही. बरोबर. पण ही बाई साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची. त्याच सुमारास ‘सायन्स’मध्ये 523 प्राचीन व्यक्तींची नवी माहिती घेऊन दुसरा निबंध आला, आणि त्यानुसार हा अंश दक्षिण आशियात पसरला तो इ.स.पू. 2000 नंतर. मग त्याआधी वारलेल्या बाईत तो नसणारच. वसंत शिंदे, नीरज राय, वागीश नरसिंहन, डेव्हिड राइक ही नावं दोन्ही निबंधांवर आहेत. म्हणजे एका चमूने दुसऱ्याला खोटं पाडलं, असंही काही घडलेलं नाही. फॉरवर्ड करणाऱ्याने एक निबंध घेतला आणि दुसरा सोडला, इतकंच.

आता ‘सिद्ध झालं’ या शब्दांकडे बघू. राखीगढीच्या 61 नमुन्यांची चाचणी झाली. कामाचा निघाला एक. गरम हवेत डीएनएच्या साखळीतले काही घटक गळून पडतात, त्या जागी साखळी तुटते आणि ओलावा हे काम आणखी जलद करतो. कोकणातला पाऊस आणि जांभ्याची आम्लधर्मी माती तर हाडच नीट शिल्लक ठेवत नाही, मग डीएनएची गोष्टच सोडा. त्या मानाने राखीगढी कोरडी, तरीही हा निकाल.

नमुना घेतात तो आतल्या कानाभोवतीच्या पेट्रस हाडाचा, कारण शरीरात इतकं घट्ट हाड दुसरं नाही. वरचा थर खरवडून टाकायचा, आतून साधारण 50 मिलिग्रॅम भुकटी काढायची, ईडीटीए (हाडातलं कॅल्शियम काढणारं रसायन) आणि प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं विकर) यांच्यात विरघळवायची आणि सुटलेला डीएनए सिलिकावर पकडायचा. खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, टेबलं ब्लीचने पुसलेली, काम नसताना अतिनील दिवे चालू. एवढं करूनही उत्खनन करणाऱ्याचा किंवा हाड धुणाऱ्याचा डीएनए आत शिरतो. खरा जुना डीएनए ओळखायची खूण त्याच्या झीजेतच असते: तुकडे आखूड, बहुधा शंभर अक्षरांच्या आतले (डीएनएची अक्षरं चार: ए, सी, जी, टी), आणि टोकांना ‘सी’च्या जागी ‘टी’ वाचला जाण्याचं प्रमाण जास्त. टोकं शाबूत, तुकडे लांब, तर तो डीएनए आजकालच्या कुणाचा तरी समजायचा.

या बाईच्या भुकटीपासून शंभरावर लायब्रऱ्या (यंत्राने वाचण्यासाठी तयार केलेले डीएनए-तुकड्यांचे संच) बनवाव्या लागल्या, तेव्हा माणसामाणसांत अक्षर बदलतं अशा तपासायच्या सुमारे 12.4 लाख जागांपैकी जेमतेम 31 हजार जागा वाचता आल्या. एवढ्यावर तिच्या पूर्वजांचं ढोबळ मिश्रण सांगता येतं. तिच्यानंतरच्या दीड हजार वर्षांत सप्तसिंधूत काय घडलं, हे नाही. (घोड्यांवरून आलेल्यांनी शहरं जाळली, ही उलट बाजूची गोष्टही यातून निघत नाही. जीनोममध्ये मिश्रण दिसतं. तलवार दिसत नाही, भाषाही नाही.)

‘12,000’ हा आकडा निबंधातूनच उचललाय, पण भलत्याच जागी चिकटवलाय. या बाईच्या पूर्वजांची इराणी वंशाशी नातं असलेली एक शाखा इराणच्या पहिल्या शेतकऱ्यांच्या शाखेपासून सुमारे 12,000 वर्षांपूर्वीच, म्हणजे शेती यायच्या आधीच वेगळी झाली होती, असं ते विधान आहे. तिच्यात दुसरा अंश होता अंदमानी लोकांशी दूरचं नातं असलेल्या शिकारी-संग्राहकांचा. म्हणजे ती स्वतःच मिश्र होती. पुढची सरमिसळही मोजता येते: एका पूर्वजाकडून आलेले डीएनएचे सलग पट्टे दर पिढीला तुटून आखूड होतात, त्यांच्या लांबीवरून काळ काढतात. 2013 च्या अभ्यासात भारतातल्या मुख्य मिश्रणाचा काळ आजपासून सुमारे 4,200 ते 1,900 वर्षं मागे निघाला. डीएनए 12,000 वर्षं ‘एकच’ असता, तर मोजायला काही उरलंच नसतं.

आर1एबद्दल एकच आठवण. तो बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरचा गट, आणि राखीगढीचा नमुना बाईचा. तिच्याकडे वाय नव्हतंच! भारतात आज जो आर1ए दिसतो त्यातली बहुतांश झेड93 ही शाखा उरलच्या दक्षिणेकडच्या सिंताश्ता संस्कृतीच्या पुरुषांत सापडलेली आहे. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातलं चित्र मात्र गुंतागुंतीचं आहे. तिथल्या 44 प्राचीन पुरुषांपैकी फक्त सुमारे 5 टक्के या शाखेचे, तर उरलेल्या गुणसूत्रांवर स्टेपचा अंश 20 टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे त्या खोऱ्यात तो अंश बायकांकडून जास्त आला असावा. ‘पुरुषांच्या टोळ्या आल्या’ म्हणणाऱ्यांनाही हे अडचणीचंच.

राहता राहिली घरी मागवायची डीएनए चाचणीची किट. थुंकीतून काही लाख जागा वाचतात आणि त्या आजच्या माणसांच्या नमुन्यांशी ताडून बघतात. ‘हडप्पन टक्के’ काढायचे तर तुलनेला हवा हडप्पन डीएनए. तो आहे ही एक बाई, शिवाय तुर्कमेनिस्तानच्या गोनूर आणि इराणच्या शहर-ए-सोख्ता इथले 11 जण, जे सिंधू खोऱ्यातून तिकडे गेले असावेत असं मानतात. बाईच्या 31 हजार जागांपैकी तुमच्या किटमध्येही असलेल्या जागा आणखी कमी. शिवाय मॉडेलमध्ये शेजारचा दुसरा प्राचीन गट घातला की तोच माणूस वेगळ्या टक्क्यांचा निघतो. रिपोर्टवर दशांश चिन्हानंतर दोन आकडे छापलेले असले, तर आधी संदर्भगट कोणता वापरलाय ते विचारा.