मेला म्हणून मोठा झाला का जेफ बकली?

वाद मंद्याने उकरून काढला. शिऱ्याच्या फोनवर अमेरिकन गायक जेफ बकलीचा ‘ग्रेस’ हा अल्बम लागला होता आणि मंद्या म्हणाला, “हा माणूस तिसाव्या वर्षी नदीत बुडून गेला नसता, तर आज त्याचं नाव तरी कोणी घेतलं असतं का?”

शिऱ्या स्वतः गिटार वाजवतो, त्याला हे झोंबणारच. “अरे, अल्बम आला ऑगस्ट १९९४ मध्ये. तो गेला मे १९९७ मध्ये. तोवर जिवंतच होता ना? लेड झेपेलिन ह्या रॉक बँडचा गिटारवादक जिमी पेज तेव्हा त्याच्या गाण्यावर फिदा होता.”

“मग खपला का नाही? अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या खपाच्या यादीत १४९ च्या वर सरकला नाही.”

आकडा खरा आहे. पण त्या वर्षीची अमेरिका आठवा. एप्रिलमध्ये निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन गेला होता, रेडिओवर घोगरे आवाज आणि खरखरीत गिटारींचं राज्य होतं. त्यात हा पोरगा बारीक, उंच आवाजात ‘लायलॅक वाइन’ गातो, मग इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनची धार्मिक रचना, आणि लगेच ‘इटर्नल लाइफ’मध्ये कान फाडतो. रेडिओवाल्यांनी त्याला कुठल्या कप्प्यात टाकायचं? फ्रान्सने मात्र १९९५ मध्येच शार्ल क्रो ह्या संगीत अकादमीचा पुरस्कार दिला, ऑस्ट्रेलियानेही त्याला लगेच उचलून धरलं. तेव्हा तो जिवंत होता. म्हणजे अल्बम पडला नव्हता, अमेरिकेने तो नीट ऐकला नव्हता.

अश्विनीचा राग निराळाच. “लोकांना फक्त ‘हॅलेलुया’ माहीत आहे. २००८ च्या नाताळात ब्रिटनमध्ये एका टीव्ही स्पर्धेच्या विजेतीने ते गाऊन पहिला नंबर घेतला, तर चाहत्यांनी बकलीने गायलेलं तेच गाणं विकत घेऊन दुसऱ्या नंबरावर नेलं. ही अल्बमची पावती आहे का? बाकीची नऊ गाणी गेली कुठे?”

“तेच म्हणतोय मी,” मंद्या म्हणाला. “आणि ते तरी त्याचं कुठे आहे? गाणं कॅनडाच्या लेनर्ड कोहेनचं, बांधणी जॉन केल ह्या दुसऱ्या गायकाची.”

‘हॅलेलुया’ची सुरुवात ऐका. आधी एक उसासा, चक्क श्वास सोडल्याचा आवाज, मग एकट्या इलेक्ट्रिक गिटारचे सुटे सुटे स्वर. तो उसासा कापून टाकणं सोपं होतं. निर्माता अँडी वॉलेसने तो राहू दिला, म्हणून माणूस अगदी शेजारी बसून गातोय असं वाटतं.

पण मला ठासून सांगायची होती ती गोष्ट वेगळी. तेव्हाच्या काही समीक्षकांना त्याचं गाणं नाटकी वाटलं, सूर उगाच लांबवतो असं वाटलं. आपल्या कानांना तसं वाटण्याचं कारण नाही. न्यूयॉर्कमधल्या ‘शिने’ नावाच्या छोट्याशा कॅफेत एकटा गिटार घेऊन बसायचा, तेव्हा हा पाकिस्तानी कव्वाल नुसरत फतेह अली खानांची ‘ये जो हल्का हल्का सुरूर है’ ही कव्वाली उर्दूतून गायचा. नुसरत म्हणजे माझे एल्विस, असं त्याने श्रोत्यांना सांगितलं होतं. हे माहीत असताना ‘मोजो पिन’ लावा. सुरुवातीला शब्दच नाहीत, नुसता आलाप. ‘ग्रेस’ ह्याच नावाच्या गाण्याच्या शेवटी आवाज वर वर चढत जातो, ते रॉकवाल्याचं ओरडणं नाही, कव्वालाने सूर धरून ठेवणं आहे. ज्याने भीमसेनजींची तान ऐकलीय त्याला हा अतिरेक कसा वाटेल?

मंद्या गप्प बसणाऱ्यातला नाही. “कव्वालाची तान ठेक्यावर उभी असते. मागे साथ असते, टाळी असते. ह्याची हवेत तरंगते.”

“शेवटचं ‘ड्रीम ब्रदर’ लाव,” शिऱ्या म्हणाला. “त्यात तबला आहे. आणि ‘लव्हर, यू शुड हॅव कम ओव्हर’ सुरू कशाने होतं? पेटीने! तीही त्यानेच वाजवलेली.”

लावलं. रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजातही पेटीचा तो लांब, दमदार सूर स्पष्ट ऐकू आला. पूर्ण गाणं होईपर्यंत कोणी बोललं नाही. ते शब्द, ती चाल सगळं त्याचं एकट्याचं आहे, आणि माझ्या मते अल्बमचं शिखर तेच.

“हे मानलं,” मंद्या म्हणाला. “पण दहातली तीन गाणी उसनी, ‘मोजो पिन’ आणि ‘ग्रेस’ गिटारवादक गॅरी लूकसच्या गिटारवर बेतलेली. गायक म्हणून थोर म्हण. गीतकार म्हणून हिशेब करायला दुसरा अल्बम हवा होता, आणि तो अर्धवट राहिला.”

ह्यावर शिऱ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. पण वादाची सुरुवात ‘मेला म्हणून मोठा झाला’ इथून झाली होती, आणि ते वाक्य मंद्याने पुन्हा काढलं नाही.