अभिप्राय घ्यावा, पण बेतानं

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा कारभार तुमच्याकडे आला असेल आणि 'वाचकांचे अभिप्राय घेऊन सेवा सुधारा' असं पत्र वरून येऊन पडलं असेल, तर झोप उडवून घेऊ नका. पत्राचा पहिला अर्धा भाग पाळला की दुसऱ्याची चौकशी सहसा कुणी करत नाही. फाइल जाडजूड दिसली की बघणाऱ्याचं समाधान होतं. तेव्हा तुम्हाला फक्त फाइल जाड करायची आहे, आणि ती करताना ग्रंथालयातली एक खुर्चीसुद्धा जागची हलू द्यायची नाही.

आधी विचारायचं कुणाला, ते ठरवा. जे आत बसलेत त्यांनाच विचारा. दार उघडायच्या आधीपासून बाहेर ताटकळणारी, दिवसभर वाचनकक्षात ठाण मांडून बसणारी जी मंडळी असतात, ती तुमचं खरं भांडवल. ती स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, त्यांना लागतं टेबल आणि डोक्यावर दिवा. 'ग्रंथसंग्रह कसा आहे?' या प्रश्नावर ती डोळे झाकून 'उत्तम' लिहितात, कारण त्या संग्रहाला त्यांचा हात कधी लागलेलाच नसतो. पहिल्या वर्षी दोनदा येऊन हात हलवत परत गेलेला आणि नंतर इकडे न फिरकलेला विद्यार्थी मात्र चुकूनही गाठू नका. त्याच्याकडे सांगण्यासारखं बरंच असतं.

वेळही साधता आली पाहिजे. पदवी घेऊन बाहेर पडताना ग्रंथालयाचं काही देणं नाही असा दाखला लागतो. त्याच खिडकीवर अभिप्रायाचा फॉर्म ठेवा. वर 'गोपनीय' असा ठळक शिक्का आणि त्याच्या खाली नाव, विभाग, परीक्षा क्रमांक. खिडकीतला माणूस एका हातात शिक्का धरून थांबलेला, मागे रांग, आणि विद्यार्थी पेन उघडून पहिला रकाना वाचतोय. अशा अवस्थेत कर्मचाऱ्यांच्या वागणुकीला 'असमाधानकारक' लिहिणारा माणूस अजून जन्मायचा आहे. शंभर टक्के प्रतिसाद, तोही गोड.

प्रश्न लिहिताना एका वाक्यात दोन-तीन गोष्टी बांधून टाका. 'ग्रंथालयातील कर्मचारी तत्पर व सौजन्यशील असून संग्रह अद्ययावत आहे, याच्याशी आपण कितपत सहमत आहात?' कर्मचारी चांगले आणि पुस्तकं जुनाट असतील, तर वाचणाऱ्यानं काय लिहावं हा त्याचा प्रश्न. लिकर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1932 मध्ये सहमती-असहमतीची जी मोजपट्टी मांडली, तिच्यात बिचाऱ्यानं असहमतीलाही सहमतीएवढीच जागा दिली होती. आपण इतकं उदार असायचं कारण नाही. अत्युत्तम, उत्तम, चांगले, समाधानकारक. संपली पट्टी. मग त्यांना चार, तीन, दोन, एक असे गुण देऊन सरासरी काढा आणि ती दशांशचिन्हानंतर दोन घरांपर्यंत द्या. 'उत्तम' आणि 'चांगले' यांच्यातलं अंतर 'चांगले' आणि 'समाधानकारक' यांच्याइतकंच आहे कशावरून, असं विचारणारा संख्याशास्त्राचा एखादा प्राध्यापक निघतोच. त्याला वर्षभर फॉर्म देऊ नका.

कुणी 'लिबक्वाल' हे नाव काढलं तर विषय बदला. अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेनं टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या साथीनं 2000 च्या सुमारास वाचकांकडून सेवेला गुण मागणाऱ्या प्रश्नावलीचं हे प्रकरण सुरू केलं. मूळ कल्पना व्यापारातली, गिऱ्हाइकाच्या नजरेतून सेवेचा दर्जा मोजायची. त्यात गाभ्याचे प्रश्न 22, पण प्रत्येकाला आकडे तीन द्यायचे, 1 ते 9 मधले: किमान किती चालेल, खरं तर किती हवं, आणि प्रत्यक्षात किती मिळतं. घोटाळा इथंच आहे. प्रत्यक्षाला 7 मिळाले म्हणून तुम्ही पेढे वाटायला निघावं, तर त्याच वाचकानं किमान 8 लिहिलेलं असतं, म्हणजे सगळी सेवा उणे एकवर. त्यातल्या त्यात शहाणपणा करायचा तर तिसरा आकडा तेवढा ठेवा आणि पहिले दोन छपाईत गळाले म्हणून सांगा.

त्याहून वाईट उदाहरण अमेरिकेतल्याच रोचेस्टर विद्यापीठाचं. तिथल्या ग्रंथालयानं 2004 च्या सुमारास चक्क एक मानववंशशास्त्रज्ञ नेमली, विद्यार्थी अभ्यास नेमका कसा करतात ते बघायला. विद्यार्थ्यांच्या हाती कॅमेरे दिले आणि कशाकशाचे फोटो काढायचे याची यादी दिली. त्या यादीत 'ग्रंथालयातली अशी जागा, जिथं तुम्हाला हरवल्यासारखं वाटतं' हेही होतं! स्वतःच्या घरात बसून स्वतःच्याच उणिवांचे फोटो मागवायचे, याला काय म्हणावं? परिणाम व्हायचा तोच झाला. विद्यार्थी निबंध लिहायला रात्री बसतात असं दिसल्यावर तिथल्या ग्रंथपालांनी मदतीसाठी रात्री उशिरापर्यंत थांबून पाहिलं. आपल्या कर्मचाऱ्यांना हा किस्सा कळणार नाही एवढी काळजी घ्या.

आता सगळ्यात नाजूक जागेकडे येऊ. ती म्हणजे देवघेव काउंटर. एक मुलगी संगणकावर पुस्तक शोधते. 'उपलब्ध' असं दिसतं. ती वर्गांक चिठ्ठीवर उतरवून घेते, रॅक गाठते, मान वाकडी करून कण्यांवरचे क्रमांक वाचत पुढे सरकते. अलीकडचा क्रमांक आहे, पलीकडचा आहे, मधला नाही. ती गुडघ्यावर बसून खालचा कप्पा बघते, मागच्या रांगेत हात घालून चाचपते. मग चिठ्ठी घेऊन काउंटरवर येते. 'कुणीतरी भलतीकडे ठेवलं असेल, उद्या बघा.' ती 'बरं' म्हणते आणि जाते. हिनं फॉर्म भरलेला नाही, सूचनापेटीत काही टाकलेलं नाही, ई-मेल केलेला नाही. म्हणजे हे घडलेलंच नाही. ग्रंथालयाच्या कुठल्याही कागदावर तिची ही अर्ध्या तासाची पायपीट सापडणार नाही, आणि तुमची सरासरी शाबूत राहील.

म्हणून काउंटरवरच्या माणसाला कधीही काही विचारू नका. त्याला दिवसभर दुसरं काय ऐकायला मिळतं? कुठलं पुस्तक दर सत्राला मागतात आणि प्रत एकच आहे, कुठल्या जर्नलचं लॉगिन घरून चालत नाही, कुठल्या रॅकवरून लोक हमखास रिकाम्या हातानं परततात, हे त्याला तोंडपाठ असतं. तसंच संगणकाचं. शोधून काहीच न मिळालेले शब्द, आरक्षणाची लांबलेली रांग, हे सगळं यंत्र बिनबोभाट साठवून ठेवू शकतं. ठेवू दे. उघडून बघू नये. पिट्सबर्ग विद्यापीठात तसं उघडून बघितलं, तर 1969 मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे 40 टक्के पुस्तकं पुढची सहा वर्षं एकदाही कुणी घरी नेलेली नाहीत असं निघालं. हा अभ्यास 1979 मध्ये छापून आला आणि त्यावर मोठा वाद झाला. फॉर्म वाटून मोकळे झाले असते तर 'संग्रह: उत्तम' यावर भागलं असतं. काउंटरवर एक वही ठेवून न मिळालेल्या पुस्तकांची नावं टिपू या, असं एखादा उत्साही सहायक सुचवेल. त्याला विचारा, वहीचा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा? पुढचं वर्ष त्यातच जाईल.

एवढं करूनही काही तक्रारी येतातच. त्यातल्या परस्परविरोधी आधी वेगळ्या काढा, त्या सोन्यासारख्या असतात. काहींना वाचनकक्षात टाचणी पडली तरी चालत नाही, काहींना गटानं बसून चर्चा करायची असते. दोघांची पत्रं एकाच पानावर लावा आणि खाली लिहा, 'वाचकांमध्ये एकमत नसल्याने तूर्त कार्यवाही नाही.' एक मजला शांततेला आणि एक चर्चेला देता येईल, हे कुणाच्या लक्षात येण्याआधी इतिवृत्तावर सही घ्या.

चार्जिंगच्या सॉकेटची मागणी आली तर 'संबंधित विभागास कळविले' हे औषध गुणकारी आहे. संबंधित विभाग तुम्हाला परत कळवतो, तुम्ही समितीला कळवता, आणि सॉकेट मागणारा तोवर नोकरीला लागलेला असतो.

बऱ्याच विद्यापीठांच्या ग्रंथालयांत 'तुम्ही म्हणालात, आम्ही केलं' असा फलक लावतात. तुम्हीही लावा, फक्त उलटीकडून सुरुवात करा. वर्षभरात आपोआप काय झालं ते बघा. भिंतींना रंग दिला गेला? छान. मग गठ्ठ्यात 'वातावरण प्रसन्न असावे' असं लिहिलेला एखादा फॉर्म शोधून काढा. मिळतोच. शेजारी रंगनाथनांची तसबीर असू द्या. गणित शिकवणं सोडून 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेल्या या गृहस्थांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, आणि चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असा आहे. तसबिरीखाली पाचही नियम छापा, पण बारीक टाइपात. आणि उंच लावा.

राहता राहिला तो एकजण. सगळीकडे एक असतो, बहुधा पीएच.डी. करणारा. तो उत्तर आलं नाही की पुन्हा लिहितो, तारखा लक्षात ठेवतो, मागच्या वर्षीच्या अहवालातला आकडा यंदाच्या आकड्याशी ताडून बघतो. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला टाळूही नका. त्याला सन्मानानं बोलवा, चहा द्या आणि अभिप्राय समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून घ्या. नेमणुकीचं पत्र टाइप करून तयार ठेवा. सगळे फॉर्म मोजून तक्ते भरायचं काम त्या पत्रातच, तिसऱ्या कलमात घाला, मुदत एक महिना.