‘खऱ्या सबला सेफवर्ड लागत नाही’ म्हणे!

डॉमिनंट-सबमिसिव्ह नात्यांबद्दलचा एक मजकूर सध्या जिकडेतिकडे पाठवला जातोय. (अशा नात्यात दोघांच्या संमतीने एक जण, म्हणजे डॉम, हुकूम देतो आणि दुसरा, म्हणजे सब, ते पाळतो.) त्याचं सार असं: खऱ्या सबला मर्यादा नसतात, सेफवर्ड (खेळ लगेच थांबवण्यासाठी आधी ठरवलेला शब्द) मागणं म्हणजे अविश्वास, दोघांमधल्या लेखी करारावर सही झाली की माघार नाही, आणि खरा डॉम बोलणी करत बसत नाही, हुकूम देतो. चारही दावे खोटे आहेत. शेवटचा सगळ्यात घातक, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

हुकूम देण्याचा अधिकार बोलणीतूनच मिळतो. काय चालेल, काय अजिबात नाही, थांबायचं कसं, नंतर काळजी कोण घेणार, हे ठरेपर्यंत दोघंही बरोबरीचे. तिसऱ्याच मेसेजला ‘मला मालक म्हण’ सांगणारा तुम्ही किती वाकता ते चाचपत असतो. (सांगणारी बाई असली तरी तेच.) अशा वेळी एखादी बारीकशी गोष्ट नाकारून बघा: ‘आज कॉल नको, उद्या बोलू.’ ‘बरं’ म्हणणाऱ्याशी पुढे बोलता येतं. पण कुणी दिवसभर अबोला धरला आणि मग ‘आधीच्या सबने असं कधी केलं नाही’ म्हणून ऐकवलं, तर मोठ्या नकाराचं काय होईल ते तुम्हाला फुकटात कळलं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस कौतुकाचा पाऊस पाडेल. त्याने हुरळून जाऊ नका, तोही त्याच दबावाचा भाग आहे.

मर्यादांबद्दल थोडक्यात: त्या डॉमलाही असतात. जाणता डॉम तुमच्या हार्ड लिमिट्स (जे अजिबात चालणार नाही ते) स्वतःहून विचारतो, आपल्याही सांगतो. ‘तुझ्या लिमिट्स हळूहळू मोडून काढीन’ ही बढाई ऐकली की तिथेच उठावं.

सेफवर्ड अविश्वासातून आलेला नाही. खेळात ‘नको, थांब’ हे संवादाचाच भाग असू शकतात, म्हणून खरं थांबण्यासाठी वेगळा शब्द लागतो. बरेच जण सिग्नलचे रंग वापरतात: पिवळा म्हणजे सावकाश, लाल म्हणजे बंद. बोलता येणार नसेल तर हातातली वस्तू खाली टाकायची. यात डॉमचीही सुरक्षितता आहे, समोरच्याच्या मनात काय चाललंय हे त्याला ओळखत बसावं लागत नाही. ‘सेफ, सेन, कन्सेन्शुअल’ (सुरक्षित, शहाणपणाने, संमतीने) हे सूत्र न्यूयॉर्कच्या समलिंगी पुरुषांच्या जीएमएसएमए या संघटनेतून १९८३ साली पुढे आलं. ती माणसं काय ‘खोटी’ होती?

राहिला करार. आपापसात स्पष्टता यावी म्हणून जरूर लिहा, पण त्याने कुणी बांधलं जात नाही. न्यायालयाला अनैतिक किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध वाटणारा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ नुसार रद्दबातल ठरतो. सही केली असली तरी ‘हो’ कधीही मागे घेता येतं.

त्या मजकुरात एक ओळ हळूच सरकवली आहे: ‘बाहेरच्यांचा सल्ला घेऊ नका, ते जळतात.’ मला सगळ्यात जास्त खटकली ती हीच. ज्याला लपवण्यासारखं काही नाही, तो पहिली भेट कॉफी शॉपमध्ये ठेवायला आणि तुम्ही मैत्रिणीला पत्ता कळवायला हरकत घेत नाही.

आणि ‘विश्वासाचा पुरावा’ म्हणून चेहऱ्यासकट फोटो मागितले तर देऊ नका. आधीच दिले असतील आणि आता धमक्या येत असतील, तर घाबरून आणखी पाठवू नका. स्त्रीने खासगी फोटो काढायला संमती दिली, पण पसरवायला दिली नाही, तर ते पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.